अर्ध्या सेकंदाचा वैरी

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मजल्यागणिक एक अण्णा असतात. चाळिशी उलटलेली, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, माउस कडेला धूळ खात पडलेला. एडिटर म्हणाल तर फक्त व्हिम, आणि त्याच्याबद्दलची तक्रारही वर्षानुवर्षं एकच: हल्ली हळू चालतो.

तुम्हाआम्हाला तो हळू चालल्याचं कळतही नाही. अण्णा 'जे'ची कळ दाबून धरतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटू मिटू करतात आणि सांगतात, "अडखळतोय."

परवा एका नव्या पोराने विचारलं, "अण्णा, सर्व्हरवर माझं व्हिम फार स्लो झालंय. जरा बघता का?"

"स्लो म्हणजे? उघडायला वेळ लागतो, टाइप करताना अडतं, का स्क्रोल करताना? तिन्ही दुखणी वेगळी."

"सगळंच."

असल्या उत्तराचा अण्णांना मनस्वी राग येतो. ते पोराच्या खुर्चीत बसले, पोरगा उभा राहिला. आधी त्याची व्हिमआरसी, म्हणजे सेटिंगची फाइल, आणि सगळी प्लगिनं बाजूला ठेवून नुसतं व्हिम चालवलं. ते पटकन उघडलं. "बघ. दोष व्हिमचा नाही, तुझा." हे वाक्य ऐकवता यावं म्हणूनच अण्णा लोकांना मदत करत असावेत, असा माझा जुना संशय आहे.

मग स्टार्टअपटाइमचा लॉग काढला. त्यात व्हिम सुरू होताना कुठल्या कामाला किती मिलिसेकंद गेले ते ओळीओळीने येतं. क्लिपबोर्डच्या ओळीवर बोट थांबलं. पोराने एसएसएच करताना एक्स फॉरवर्डिंग चालू ठेवलं होतं, आणि व्हिम दर वेळी क्लिपबोर्डसाठी त्या लांबच्या एक्सची वाट बघत बसत होतं. अण्णांनी मायनस कॅपिटल एक्स लावला. व्हिम लगेच उघडलं. पोरगा "थँक्यू अण्णा" म्हणून खुर्चीकडे बघायला लागला.

अण्णा उठले नाहीत. कर्सरलाइन बंद झाली, रिलेटिव्ह नंबर गेले. "एक ओळ खाली गेलास की डावीकडचे सगळे आकडे पुन्हा रंगवायचे? कशाला? मोजता येत नाही?" फोल्डिंग सिंटॅक्सवर होतं, तेही गेलं. मग एस्केप दाबला आणि अण्णांचा चेहरा पडला.

एस्केपची कळ 27 नंबरचा एकच बाइट पाठवते. गंमत अशी की बाणांच्या कळांचे संदेशही याच बाइटने सुरू होतात. त्यामुळे हा बाइट आला की मागून आणखी काही येतंय का, हे थांबून बघावं लागतं. एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणाऱ्या टीमक्सच्या जुन्या आवृत्त्या त्यासाठी 500 मिलिसेकंद थांबायच्या, आणि पोराचं टीमक्स जुनंच होतं. "अर्धा सेकंद!" अण्णा एवढ्या मोठ्याने म्हणाले की दोन टेबलांपलीकडून एचआरच्या बाईंनी मान वर केली. रोजच्या मीटिंगला वीस मिनिटं उशिरा येणारा हाच माणूस, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

एस्केप-टाइम 10 वर आणला. त्यानंतर बिल जॉय आला, तो येतोच. "1976 साली बर्कलीत त्याने व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला. घरी एडीएम-3ए टर्मिनल, मॉडेम 300 बॉडचा. सेकंदाला तीस अक्षरं! पूर्ण स्क्रीन पुन्हा काढायची तर मिनिटभर जायचं. म्हणून तर एकेका अक्षराच्या कमांड. आणि एच-जे-के-एलच का? त्या कीबोर्डवर बाण त्याच कळांवर छापलेले होते. तुम्हाला फायबर दिलं, आणि तुम्ही काय केलंत? प्लगिनं टाकलीत."

पोराला ज्या फाइलसाठी व्हिम उघडायचं होतं तिच्यात एक पोर्ट नंबर बदलायचा होता. बिल जॉय मॉडेमपर्यंत पोचला तेव्हाच पोराने मागच्या मागे शेजारच्या टेबलावर जाऊन तो नॅनोमध्ये बदलला. अण्णांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. ते सध्या पोराची व्हिमआरसी निम्मी-निम्मी कापून बघताहेत.