थाऊकाका

टेंभी नाक्यावर चहा पिताना "दोन थाऊ इकडेतिकडे चालतं हो!" असं कानावर पडलं, की समजावं, थाऊकाका आसपास आहेत. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे. पण त्याच पाटीवर 'ए.एम.आय.ई.' ही अक्षरं नावाहून ठसठशीत असल्याने नाव वाचायचं राहूनच जातं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका सुतात असे 125 मावतात, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याला काका इंजिनियर मानत नाहीत, मग तो आयआयटीतून उतरलेला का असेना.

काका मुळात आयटीआयचे टर्नर. 1960च्या दशकात एमआयडीसीची पहिली वसाहत वागळे इस्टेटला उभी राहिली आणि ठाण्यातल्या कितीतरी घरांतून असा एकेक टर्नर नाही तर फिटर डबा घेऊन बाहेर पडू लागला. दिवसा लेथ, रात्री पुस्तक. कॉलेज न परवडलेल्यांना इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सचा आधार होता. संस्था 1920ची, 1935 साली शाही सनद मिळालेली, मुख्यालय कलकत्त्याला. कामाच्या अनुभवावर आत शिरायचं, मग सेक्शन ए, मग सेक्शन बी, की झालं ए.एम.आय.ई. जूनमध्ये आपटलं तर डिसेंबर आहेच. काका 'कलकत्ता' हा शब्द लोक 'काशी' म्हणतात तसा म्हणतात. "आमच्या हळदीला हे गणितं सोडवत बसले होते," असं काकू सांगतात. काका ते खोडून काढत नाहीत.

"कागदाने लेथ चालत नाही!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. मात्र सर्टिफिकेटची फ्रेम देव्हाऱ्याच्या वर वीतभर उंचीवर. शिवाय झेरॉक्सचा गठ्ठा, तोही अटेस्टेड, प्लॅस्टिकच्या पिशवीत. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी "लागला तर?"

31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ए.एम.आय.ई.ची पदवीशी बरोबरी सरकारने बंद केली. काका पास होऊन तेव्हा कैक वर्षं लोटली होती, त्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. तरी आठवडाभर ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मला विचाराल तर तो राग रास्त होता. रात्रपाळी करून शिकणाऱ्याचं दार असं लावून घेऊ नये.

नवरात्रात टेंभी नाक्याला देवीचा मंडप पडतो, तेव्हा सगळं ठाणं रोषणाई बघतं आणि काका नटबोल्ट. खांब हलवून बघणार, खाली वाकून बघणार, मग कुणाही कार्यकर्त्याला गाठून "हा आवळा." पोरं आधी हसायची. एकदा तो बोल्ट खरोखरच ढिला निघाला, तेव्हापासून पोरंच पाना घेऊन त्यांच्या मागे फिरतात.

परवा शेजारच्या नव्या बी.ई.च्या घरी पुस्तकांची फळी बसेना. काका खिशात वर्नियर घालूनच गेले. दहा मिनिटांत फळी भिंतीला. मग हात झटकत त्यांनी विचारलं, "आता सांग, ही वाकणार कुठून?" पोरगा गप्प. काकांनी त्याच्याच वहीचा कागद फाडून घेतला. अर्ध्या तासाने काकूंचा जेवायला फोन आला, तेव्हा काका बेंडिंग मोमेंटवर होते आणि कागद पाठपोट भरला होता.