पिशवी खालून फोडा

मृगाचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी रिसोडच्या कृषी केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत मी काउंटरवर सोयाबीनची बॅग आडवी केली, खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागलो. मागच्या २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, मी एक भाषण ऐकलं होतं. खरेदीआधी बारीक अक्षरातला मजकूर वाचणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे, असं वक्ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते. १९८६ चा ग्राहक कायदा त्या तारखेला मंजूर झाला म्हणून हा दिवस डिसेंबरात येतो, आणि ते बरंच आहे. सोयाबीन विकून झालेलं असतं, तूर शेंगांवर असते, माणूस भाषणाला मोकळा असतो. पुढची बॅग घ्यायला सहा महिने असतात. तेवढ्यात सगळं विसरून होतं. मी विसरलो नाही, ही माझी चूक.

"भाऊ, बॅग न्याची का पेपर द्याचा?" दुकानदारानं विचारलं.

"वाचून घेतो जरासक."

"मंग वाचा. तवरोक ह्या चौघायले देतो."

चौघं गेले, मग आणखी सहा गेले. सगळ्यांनी न वाचता नेल्या. ग्राहक चळवळीचं कसं होणार, या काळजीनं मला घाम फुटला. थोडा घाम पंखा बंद असल्यामुळंही असेल.

आधी टॅगचा रंग पाहिला. पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणिताला निळा आणि 'सत्यप्रत' म्हणतात त्याला हिरवा. माझ्या हातातला हिरवा होता. प्रमाणित बियाण्याला बीज प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी लागते. सत्यप्रत म्हणजे, लिहिलंय ते सत्य आहे असं लिहिणाराच सांगतो. लग्न जुळवताना पोराच्या पगाराबद्दल पोराचा मामा जे सांगतो, त्यालाही हाच टॅग लावायला हरकत नाही.

टॅगवर उगवणशक्ती किमान ७० टक्के. गव्हाला ८५ लागते, सोयाबीनला ७० पुरते. कारण दाण्याचं साल पातळ, मळणीत आपटला किंवा थप्पीत दबला की आतला कोंब दुखावतो. म्हणजे शंभरातले तीस दाणे रुसून बसले तरी बियाणं पास. शाळेत आम्ही पस्तिसावर पास झालेलो, त्यामुळं माझी तक्रार नाही.

मग बॅग उलटी केली. पुढच्या बाजूला शेंगांनी लगडलेलं झाड, हसरा शेतकरी आणि ठसठशीत मराठीत भरघोस उत्पन्नाचं वचन. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढं इंग्रजी. फोटो काढून पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याला पाठवला. त्यानं ताणून ताणून वाचला आणि अर्थ कळवला. उगवण ही जमीन, ओल, पेरणीची खोली, हवामान, साठवण आणि बीजप्रक्रिया यांवर अवलंबून असते. त्यावर आमचा ताबा नाही. जबाबदारी फार तर पिशवीच्या किमतीपुरती. वाद झाला तर कोर्ट आमच्या गावचं. उगवण कशाकशावर अवलंबून असते ती यादी एवढी लांबलचक, पण तिच्यात एक गोष्ट राहून गेली होती: बियाणं.

एका एकराला साधारण तीस किलो लागतं. तेवढ्याचे पैसे समजा परत मिळाले. वखरणी, खत, ट्रॅक्टरचं भाडं आणि उडून गेलेली ओल यांची पावती मात्र कोणी देत नाही.

अटी घालायला माझा विरोध नाही. आमच्या वाशिमला तर त्याची परंपरा आहे. १९३९ साली इथं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, वत्सगुल्माहून, म्हणजे याच वाशिमहून दिलेला. गाव दान दिल्याचा तो कागद, म्हणजे तांबं. त्यात राजाच्या घराण्याची थोरवी संस्कृतात आहे आणि गाव कोणाला, कोणत्या सवलतींनी दिलं तो व्यवहाराचा भाग प्राकृतात. बढाई पंडितांच्या भाषेत, व्यवहार लोकांच्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकच्या ताम्रपटात तर अटीही आहेत: राज्याशी द्रोह करू नका, चोऱ्या करू नका, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नका, तोवर गाव तुमचं. दीड हजार वर्षांत एवढाच बदल झाला की बढाई मराठीत आली आणि व्यवहार इंग्रजीत गेला. शिवाय तांब्यावर छिन्नीनं खोदायचं म्हटलं की माणूस आपोआप मोजकं बोलतो.

"झालं का वाचून?" दुकानदार.

"हे पटत नसलं तर?"

"तर ठेवा. मांगं लाइन हाये."

म्हणजे वाचायचा हक्क आहे, खोडायचा नाही. मी बॅग घेतली.

कृषी विभागाचा एक सल्ला दरवर्षी पेपरात येतो आणि तो मला फार आवडतो: पिशवी वरून फोडू नका, खालून फोडा. वरची शिवण आणि टॅग शाबूत राहिले पाहिजेत. पावती जपा, रिकामी पिशवी जपा, मूठभर बियाणं काढून ठेवा. नवरीला मांडवात आणतानाच काडीमोडाची कागदपत्रं ट्रंकेत घालून ठेवावीत, तसं हे. सल्ला वाईट नाही. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, तक्रारींचा ढीग झाला, औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा पंचनाम्याला आलेले साहेब पहिला प्रश्न टॅगचाच विचारत. टॅग बहुतेकांच्या धुऱ्यावर भिजत पडलेला.

गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात वेगळंच सांगितलंय. शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि बियाणं खराब निघेल असं धरून त्यानं तपासणीसाठी वेगळं काढून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही. पण हे निकालपत्र कोणत्याही पिशवीवर छापलेलं नाही. मोठ्या अक्षरात नाही की बारीक नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर एकतर्फी अटींविरुद्ध, म्हणजे अनुचित कराराविरुद्ध, दाद मागता येते. मी खूश होऊन वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगाची वाट धरणार, तेवढ्यात पुतण्यानं पुढची ओळ वाचली: अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगाकडं करायची, जिल्ह्याकडं नाही. बारीक अक्षराला मारायला आणलेल्या कायद्यालाही बारीक अक्षर निघालं. नुसतं बियाणं सदोष असेल तर मात्र वाशिम चालतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि कंपनीचं गाव कोणतंही असो, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. हे मात्र कोणीतरी वेशीवर रंगवायला हवं.

पीकविम्याबद्दल थोडक्यात. २०२३ पासून दोन वर्षं तो एका रुपयात होता, आणि रुपया देऊन अटी वाचायला मागणं बरं दिसत नाही म्हणून कोणी वाचल्या नाहीत. वावर पाण्याखाली गेल्यापासून ७२ तासांत कळवा, हे तेव्हा कळलं, जेव्हा लाइट नव्हती, मोबाइल बंद होता आणि ७१ तास झाले होते.

घरी आल्यावर मी नियमानं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. शेजाऱ्यानं त्या दिवशीच पेरणी उरकली. रोज संध्याकाळी तो बांधावरून विचारायचा, "निकाल लागला का?"

सातव्या दिवशी गोणपाट उलगडलं. आई आणि मी ओसरीवर बसून मोजायला लागलो. एकोणसत्तर निघाले. एक दाणा होता, मोड आल्यासारखा.

"हा धराचा का?" मी विचारलं.

आईनं तो डोळ्याजवळ नेला. "नुसता फुगला, बापू. मोड नोय हा."

आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि ट्रॅक्टरवाला सकाळीच येतो म्हणाला होता. मी वहीत ७० लिहिलं, आणि त्याच्याखाली, आईला दिसणार नाही अशा बारीक अक्षरात, एक टीप घातली.