आधी कोण?

परवा शब्दकोशात ‘भंबेरी’ शोधत होतो. कोश उघडला तो नेमका ‘ध’वर. आता पानं पुढे उलटायची की मागे? मातृभाषा मराठी, डोक्यावरचे केस पांढरे, आणि तरी मला ओठांतल्या ओठांत ‘त थ द ध न, प फ ब भ’ असं पुटपुटावं लागलं. शेजारी बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “जप कधीपासून सुरू केलात?”

वर्णमाला मला येते, यात शंका नाही. पण ती माळेसारखी येते. एक मणी सरकवला की पुढचा बोटाखाली येतो. मधलाच मणी उचलून द्या म्हटलं की बोटं चाचपडतात. गणपतीतल्या आरत्यांचं तेच. शंकराची संपली की देवीची आपोआप तोंडात येते. पण कुणी नुसतं विचारावं, “देवीच्या आधी कुठली?”, की सगळी मंडळी टाळ हातात धरून छताकडे बघायला लागतात. त्यातून दोन आरत्यांची चाल जुळली की मधल्याच कडव्यात गाडी रूळ बदलते आणि विठोबाची म्हणता म्हणता आपण भलत्याच देवाच्या दारात उभे असतो.

स्टेशनांचं मात्र तसं नाही. मुलुंड ते दादर मी बरीच वर्षं लोकलने घासली. दादरहून ठाण्याकडे जाताना घाटकोपर आधी की मुलुंड, असं मला झोपेतून उठवून विचारा. पुटपुटायची गरज नाही. कांजूरमार्ग आधी की भांडुप? इथे मात्र किंचित थबकायला होतं. गंमत बघा. मी मनात स्टेशनं मोजत गेलो असतो तर लांबच्या जोडीला जास्त वेळ लागायला हवा होता. होतं उलटंच. लांबचं चटकन, जवळचं रखडत. रॉबर्ट मॉयर आणि थॉमस लँडाउअर यांनी १९६७ साली आकड्यांच्या बाबतीत हेच मोजून दाखवलं. दोन आणि नऊमध्ये मोठा कोण, हे माणूस झटकन सांगतो. सात आणि आठ समोर ठेवले की त्याला क्षणाचा काही भाग जास्त लागतो. सात-आठच्या बाबतीतसुद्धा! म्हणजे डोक्यात कुठेतरी सगळे रांगेत उभे असावेत आणि आपण जिन्यावरून खाली बघावं तसं बघत असावं. लांब-लांब उभे असलेले लगेच वेगळे दिसतात, खांद्याला खांदा लावून उभे असलेल्यांत जरा निरखावं लागतं.

ही रांग डोक्यात लागते कशी, हा प्रश्न मला पडला तो आमच्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला.

नमस्कारांची वेळ झाली. माझे दोन चुलतभाऊ, अण्णा आणि नाना, एकमेकांसमोर उभे राहिले आणि वाकेना कुणीच. थोरला कोण हेच ठरेना. कागदपत्रांचा उपयोग शून्य, कारण दोघांच्याही दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६७. त्या काळच्या मास्तरांच्या कृपेने निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मला आहे. शेवटी प्रकरण पाटावर बसलेल्या आत्याकडे गेलं.

आत्याला सन कळत नाही आणि तिचं त्यावाचून अडतही नाही. ती म्हणाली, “पानशेतचा पूर आला तेव्हा ताई पोटात होती. पूर ओसरल्यावर वहिनीने पाळणा घेतला, तो ताईसाठी. त्याच पाळण्यात मागनं अण्णा. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे पाळण्याच्या कड्या आपोआप करकरल्या, आत हा निजलेला. त्याच भूकंपात फडताळावरची घागर पडली आणि तिला पोचा आला. आणि नानाच्या बाळंतपणात पाणी तापवायला तीच पोचा आलेली घागर होती, मी रोज घासत होते ना! नाना, वाक.”

पूर १२ जुलै १९६१चा, भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, हे मी नंतर जुळवलं. तिने एकही तारीख घेतली नव्हती. अण्णा आणि नाना यांना तिने एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलंही नसेल. एक पुण्यात जन्मला, एक पाटणला. तिच्याकडे होत्या त्या नुसत्या जोड्या. पुरानंतर पाळणा, पाळण्यात आधी ताई मग अण्णा, अण्णानंतर घागरीचा पोचा, पोच्यानंतर नाना. दोन-दोनच्या गाठी मारत गेली आणि टोकाला निकाल बांधून मोकळी.

हे लहान मुलांना जमत नाही, असं झाँ पियाजे यांचं म्हणणं होतं. सात-आठ वर्षांचं होईतो मुलाला ‘हा त्याच्याहून उंच, तो तिच्याहून उंच, म्हणजे हा तिच्याहून उंच’ हे लावता येत नाही. पीटर ब्रायंट आणि टॉम ट्रबॅसो या दोघांना शंका आली की पोरांना तर्क येत नाही की नुसता विसर पडतो? १९७१ साली त्यांनी पाच रंगांच्या पाच काठ्या घेतल्या आणि चार वर्षांच्या मुलांकडून शेजारशेजारच्या जोड्या आधी घोटून घेतल्या. मग न शिकवलेली जोडी विचारली, दुसरी आणि चौथी. ही जोडी मुद्दाम घेतलेली. पहिली काठी नेहमीच लांब ठरते, पाचवी नेहमीच आखूड, तिथे अक्कल लागत नाही. पण दुसरी आणि चौथी या दोघी एकदा जिंकलेल्या, एकदा हरलेल्या. तरी पोरांनी बहुतेक वेळा बरोबर सांगितलं. माझा अंदाज, यातल्या एखाद्याला मोठेपणी शब्दकोश उघडून पुटपुटावंच लागलं असेल.

शेजारच्या जोड्या घोटायची युक्ती आपल्याला नवी नाही. वेदपाठ्यांचा क्रमपाठ म्हणजे दुसरं काय? पहिलं पद दुसऱ्याबरोबर, दुसरं तिसऱ्याबरोबर, तिसरं चौथ्याबरोबर. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात तर तीन-तीन पदं अशी पुढे-मागे विणलेली की एखादं पद जागचं हललं तर म्हणणाऱ्याची जीभच अडखळावी. कागदाचा भरवसा न धरता अक्षर न् अक्षर जागच्या जागी राखायचं, तर जोड्यांइतका पक्का टाका नाही. आत्याने घनपाठ कधी ऐकला असेल असं वाटत नाही, पण टाका तोच.

पुढे शास्त्रज्ञांनी हा खेळ माकडांपुढे मांडला. ब्रेंडन मॅकगॉनिगल आणि मार्गारेट चामर्स यांनी १९७७ साली स्क्विरल माकडांना रंगीत डब्यांच्या जोड्या शिकवल्या, आणि माकडांनीही मधली न शिकवलेली जोडी बरोबर सोडवली. १९९१ साली कबुतरांनीही सोडवली. इथे मात्र माझा जरा अपमान झाला. आमच्या गॅलरीत कबुतरं आहेत. वर्षानुवर्षं ती त्याच वळचणीला दोन काड्या ठेवतात, त्यावर अंडं घालतात आणि ते पडतं. त्यांना तर्क?

माझ्यासारखीच कुरकुर करणारे शास्त्रज्ञही होते. त्यांनी एक साधी उपपत्ती सुचवली. समजा अ, ब, क, ड, इ अशी पाच चिन्हं. ‘अ’ला चोच मारली की दर वेळी दाणा, ‘इ’ला मारली की कधीच नाही. ‘ब’ आणि ‘ड’ निम्मे-निम्मे. पण ‘ब’ निम्म्या वेळा दिसला तो ‘अ’च्या शेजारी आणि ‘ड’ निम्म्या वेळा ‘इ’च्या शेजारी. ‘अ’चं तेज थोडं ‘ब’च्या अंगावर पडलं, ‘इ’ची अवकळा ‘ड’ला चिकटली. कबुतराने अनुमान केलंच नाही, त्याने फक्त शेजार पाहिला. वाचल्यावर वाटलं, मग कबुतराची मान का खाली घालायची? मंत्र्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणाऱ्याला आपण नमस्कार करतो, तो यापेक्षा वेगळ्या बुद्धीने करतो का?

माशांपुढे मात्र मी हात टेकले. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात सिक्लिड जातीचे मासे असतात आणि त्यांच्या नरांना हद्दीवरून भांडायची भारी हौस. स्टॅनफर्डमध्ये लोगन ग्रोसनिक, रसेल फर्नल्ड आणि मंडळींनी एका नराला काचेमागे ठेवलं आणि बाकीच्यांच्या कुस्त्या दाखवल्या. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, असं शेवटपर्यंत. मग त्याच्या एका बाजूला ब, दुसऱ्या बाजूला ड. हे दोघे त्याने कधी एकमेकांशी भिडताना पाहिलेले नव्हते. पठ्ठ्या ‘ड’च्या बाजूला सरकला, म्हणजे भांडायची वेळ आलीच तर ज्याला हरवता येईल त्याच्या. ही बातमी २००७ची. त्या माशाला दाणा नव्हता, घोटणं नव्हतं, अंगावर एक ओरखडा नव्हता. नुसतं बघत बसणं. चाळीच्या कठड्याला टेकून मी आयुष्याची चांगली पंचवीस वर्षं हेच केलं आहे आणि त्याला लोक रिकामपण म्हणत.

गांधीलमाशीची तऱ्हा आणखी निराळी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीवर अख्खी कारकीर्द घालवली. पोळ्यातली राणी उचलून बाजूला केली की उरलेल्यांतली एक माशी एकाएकी तापट होते, आणि काही दिवसांत तीच राणी. ती कोण असणार, हे संशोधकांना आधी काही केल्या ओळखता येत नाही. वयावरून नाही, आकारावरून नाही, मारामारीवरून नाही. माश्यांना मात्र ठाऊक असतं. नव्या राणीला कुणी अडवत नाही, आणि तिलाही बाजूला केलं तर पुढची तयार, तिच्यामागे आणखी पुढची. मृत्युपत्र नाही, कोर्टकचेरी नाही, ‘घड्याळ कुणाचं, धनुष्यबाण कुणाचा’ नाही. इतकी बिनबोभाट रांग मी आमच्या पाण्याच्या टँकरपुढेही पाहिलेली नाही.

पण सगळ्याच रांगा सरळ असतात असं नाही. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचते याची मांडणी ज्याने पहिल्यांदा केली, तो नॉर्वेचा थोरलेइफ श्येल्डेरुप-एब्बे. लहानपणापासून कोंबड्या बघत बसलेला हा पोरगा, १९२१ साली त्याच विषयावर प्रबंध घेऊन उभा राहिला. त्याला वरपासून खालपर्यंत क्रम सापडला, आणि मध्येच त्रिकोणही सापडले. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीला.

सहस्रचंद्रदर्शनाचं जेवण चालू होतं. नाना वाकून झाले होते, मिशीतल्या मिशीत रागावलेलेच होते. अण्णांची चार वर्षांची नात पानांमधून पळत होती. नानांनी डोळे वटारले तशी ती घाबरून आत्याच्या पदराआड गेली. आत्या म्हणाली, “नाना, पोरीला दटावायचं नाही.” नाना वरणभाताकडे बघू लागले. आत्याने दुसरी जिलबी उचलली, तोच पदराआडून आवाज आला, “आत्यापणजी, तुला शुगर आहे ना? ठेव ती.”

आत्याने मुकाट्याने जिलबी खाली ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं, तर ती नानांच्या पानात होती.