मूळ कारण : ऑपरेटर

(सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखणाऱ्यांसाठी कार्यपद्धती. लागू क्षेत्र : तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर, ज्योतिबानगर आणि नदी ओलांडून म्हाळुंग्यापर्यंत.)

सुरुवातीलाच एक खात्री करून घ्यावी, की दुखतंय ते आपलंच डोकं आहे. तळवड्यात पहाटे पाचला कुठलं ना कुठलं पॉवर प्रेस चालू असतं. अंथरुणात पडल्यापडल्या ठणठण आतली की भिंतीपलीकडची, हे सांगता येत नाही. दोन्ही कानांवर उशी घट्ट दाबावी. आवाज बंद झाला तर तो शेजारच्या जॉबवर्कवाल्याचा आहे, त्याला डिस्पॅच गाठायचा असतो. बंद झाला नाही तर पुढे वाचावं.

तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हापासून एका अंगाला आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पत्र्याची शेडं आणि मधल्या फटीत माणसं, अशी इथली रचना आहे. गाव देहू-आळंदी रस्त्यावर आहे, म्हणजे डावी-उजवीकडे साक्षात तुकोबा आणि ज्ञानोबा. तरीही रात्री डोळ्याला डोळा लागेलच अशी हमी कुणी देत नाही. अशा गावात डोकेदुखीचा शोध घरगुती पद्धतीने घेणं शोभत नाही. तो कंपनीच्या पद्धतीनेच घ्यायला हवा.

चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही क्वालिटी खात्यात विचारा. पार्ट रिजेक्ट झाला की आधी फोर-एम बघतात : मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. मग इशिकावा नावाच्या जपानी प्राध्यापकांचा फिशबोन काढतात, म्हणजे माशाचा सांगाडा. मग वाय-वाय, म्हणजे पाच वेळा ‘का’ विचारायचं. ही पद्धत साकिची टोयोडांच्या नावावर सांगितली जाते. आपल्याकडे येता येता तिच्यात एक मोलाची सुधारणा झाली. ‘का’ कितीही वेळा विचारा, शेवटच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं लिहायचं आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’. खाली सही, तारीख, फाइल बंद. कस्टमर खूश, ऑडिटर खूश, आणि पुढच्या महिन्यात तोच पार्ट परत रिजेक्ट.

डोकेदुखीच्या बाबतीत ऑपरेटर तुम्ही. तुम्ही तोंड उघडायचा अवकाश, निदानं तयार असतात. आई गावाकडून फोनवर सांगते, पित्त झालंय, उपाशीपोटी चहा घेतोस. सुपरवायझर सांगतो, मोबाइल कमी बघत जा. रूम पार्टनर काही सांगत नाही, फक्त हसतो. बायको म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल. (नंबराने दुखणारं डोकं सहसा दिवसभर डोळे ताणून झाल्यावर दुखतं, उठताक्षणी नाही. पण हे बायकोला समजावायला जाऊ नये, त्याने दुखणं वाढतं.)

आता नमुन्यादाखल एक वाय-वाय करून पाहू. डोकं का दुखतं? झोप पुरी झाली नाही. का? मधेच उठून पाणी भरावं लागलं. मध्येच का? आपल्या भागाची वेळ तीच, आणि आज चुकलं तर परवावर गेलं. परवावर का? शहरात २०१९च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी आहे. पुढे आंद्रा धरणाचं पाणी निघोजे बंधाऱ्यावर उचलून चिखलीत आणलं, तरी दिवसाआडचं चक्र थांबलं नाही. तेही का? शहर वाढलं आणि पवना धरणावरून बंद जलवाहिनी टाकायची योजना रखडली. ती का रखडली, हे सहावं ‘का’. ते विचारलं की तुम्ही ९ ऑगस्ट २०११ला मावळात जाऊन पोहोचता. त्या दिवशी या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन शेतकरी गेले. असा कागद कुठल्याही फाइलला लावता येत नाही. म्हणून ‘का’ पाचच विचारावेत, आणि खाली लिहावं : ऑपरेटर रात्री लवकर झोपला नाही.

मेथडकडे, म्हणजे शिफ्टकडे, फार वेळ घालवू नये, कारण ती आपल्या हातात नाही. आठवड्याला फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी फिरते. शरीरातलं घड्याळ मात्र दिवसाला साधारण तासाभरानेच सरकायला तयार होतं. त्यामुळे ते थर्डला जेमतेम रुळतं, तोवर फर्स्टची गाडी कॅनबे चौकात येऊन उभी असते. ज्या रूमवर एका गादीवर पाळीपाळीने तिघं झोपतात तिथे गादी कधी थंड होत नाही. आयटीवाल्यांनी हसू नये. अमेरिकेच्या वेळेवर कॉल घेणारा माणूसही थर्ड शिफ्टचाच कामगार असतो, फक्त त्याला कुणी सेफ्टी शूज दिलेले नसतात. थर्ड करून आलेल्याची ‘सकाळ’ दुपारी तीनला होते, तेव्हा त्याची दुपारची डोकेदुखी याच कार्यपद्धतीत धरावी. त्याच्यासाठी उपाय : खिडकीला काळा पडदा, आणि आठवडाभर झोपेची वेळ एकच. पडदा घरमालकाला विचारून लावावा, नाहीतर भाडं वाढतं.

आता मटेरियल. इथे थोडं थांबू, कारण बरंचसं दुखणं इथेच तयार होतं आणि इथेच विकलं जातं.

या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून ती व्यवस्था पडली, आणि तिच्यामुळे आपल्या पोरांना पुण्यातल्या मित्रांबरोबर रविवारी कधी सिंहगडावर जाता आलं नाही. असो. बुधवारी रात्री जे होतं त्याने गुरुवारी सकाळी जे होतं, त्याला कारण शोधायला माशाचा सांगाडा लागत नाही. दारू शरीरातलं पाणी बाहेर काढते आणि झोपेचे तुकडे करते. ग्लासामागे ग्लास साधं पाणी प्यावं आणि पुढच्या बुधवारी आठवण ठेवावी.

पण काही सोवळ्या माणसांचंही डोकं गुरुवारीच दुखतं. कारण एरवी सकाळी सहाला पहिला, दहाला कॅन्टीनचा, मग टपरीवरचे धरून चार-पाच कडक चहा पोटात जातात, आणि गुरुवारी माणूस दहापर्यंत लोळतो. रोज एवढं कॅफिन सवयीचं झालं की शेवटच्या कपानंतरच्या चोवीस तासांत डोकं हप्ता मागायला येतं. चहा मिळाला की तासाभरात निघून जातं. सुट्टीने डोकं दुखण्याचा हा प्रकार जगात नवा नाही. डायनामाइटच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांचं डोकं पहिले दिवस ठणकायचं, मग अंग सरावायचं, सुट्टीत तो सराव मोडायचा आणि सोमवारी परत पहिल्यापासून सुरू. हेच नायट्रोग्लिसरीन पुढे औषध म्हणून हृदयाच्या दुखण्यावर डायनामाइटच्या जनकाला, आल्फ्रेड नोबेललाच, सुचवलं गेलं तेव्हा त्याने ते घ्यायचं नाकारलं. माल कितीही विकला तरी स्वतः वापरायचा नाही, हे त्याला कळत होतं.

आपल्याला ते कळत नाही. आपण मेडिकलवाल्याकडे जातो आणि म्हणतो, “भाऊ, डोक्याची गोळी द्या.” तो वर बघत नाही. कात्रीने पाकिटातल्या दोन कापून हातात ठेवतो. मुदत कधी संपते ते उरलेल्या पट्टीवर छापलेलं असतं, आपल्या तुकड्यावर फक्त नावाची मधली दोन अक्षरं येतात. कंपनीच्या मेडिकल रूममध्येही तीच गोळी, तिथे रजिस्टरवर सही करून. एखाद्या वेळी घेतली तर बिघडत काही नाही. पण डोकेदुखीची साधी गोळी महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ज्याचं डोकं मुळात दुखतं त्याला गोळीच दुखवायला लागते. रात्रीत गोळीचा अंमल उतरतो, पहाटे डोकं धरतं, माणूस गोळी घेतो, बरं वाटतं, आणि गोळीवरचा विश्वास वाढतो. प्रॉडक्शनच्या भाषेत हा रीवर्क लूप आहे : पार्ट फिरत राहतो, कागदावर आउटपुट दिसतं. लूप तोडायचा म्हणजे गोळी बंद करायची, आणि पहिले काही दिवस डोकं आणखी चढतं. म्हणून ते डॉक्टरला सांगून करावं, ऑडिटच्या आठवड्यात करू नये.

बाम चालतो. बामाने मूळ कारण जात नाही, पण कपाळाला गार लागतं आणि घरातल्यांना कळतं की आज याच्या वाट्याला जायचं नाही. या भागातल्या लोकांना बामाचा आदर जरा जास्तच असायला हवा. बोरघाटातला १८३० सालचा पूल त्यावरच्या जाहिरातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या ‘अमृतांजन पूल’ म्हणूनच ओळखला गेला. ५ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत रस्ता मोकळा सापडला म्हणून, तो पाडला. पूल गेला, नाव राहिलं.

‘मला सायनस आहे’ असं सांगणाऱ्यांनी हेही तपासून घ्यावं. स्वतःच सायनस ठरवलेल्या बहुतेकांची डोकेदुखी तपासणीत अर्धशिशी निघते. अर्धशिशीला पहाटेची वेळ आवडते, उजेड आणि आवाज आवडत नाही, आणि ती अर्ध्याच बाजूला दुखेल असा नियम नाही. बीपीचंही तसंच. थोडं वाढलेलं बीपी बहुधा गप्प बसून काम करतं. ते डोकं दुखवून कळवेल या भरवशावर राहू नये, मोजून घ्यावं. ज्यांचे जबडे सकाळी आवळलेले असतात आणि कानशिलं ठणकतात त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे जावं. टार्गेटचा राग दिवसा काढता आला नाही की माणूस तो रात्री दात खाऊन काढतो.

इथे एक मिनिट गंमत बाजूला. बाथरूमला खिडकी नाही आणि आत गॅस गिझर आहे, अंघोळीनंतर डोकं दुखतं, मळमळतं, घरातल्या सगळ्यांनाच तसं होतं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटतं, तर ते पित्त नाही. तो कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात कडी लावून अंघोळ करता करता यानेच माणसं गेली आहेत. गिझर आजच बंद करावा, बाहेर काढून बसवावा. घरमालकाची परवानगी नंतर घ्यावी.

तसंच, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखलं, ताप येऊन मान आखडली, हात-पाय किंवा बोलणं जड झालं, दुहेरी दिसायला लागलं, मार लागल्यानंतर दुखू लागलं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं, किंवा रोज पहाटे उलटीसह येऊन खोकल्यावर, वाकल्यावर वाढत चाललं, तर फिशबोन गुंडाळून ठेवावा आणि थेट महापालिकेचं वायसीएम रुग्णालय गाठावं. शिफ्ट बुडेल, बुडू द्यावी.

राहिलं मशीन. शेवटी ठेवलं, कारण ते मालक स्वतः कधीच बघू शकत नाही. मशीन रात्री चालतं आणि मालक तेव्हा झोपलेला असतो. जाड मान, सुटलेलं पोट, रात्रभर घोरणं, मधेच श्वास थांबून गचका खाऊन परत सुरू होणं, आणि सकाळी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं दुखून तीन-चार तासांत आपोआप उतरणारं डोकं. दिवसा सिग्नलला गाडी थांबली की डुलकी. याला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घेतात. झोपेत घशाची वाट वारंवार मिटते, ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दर वेळी माणसाला अर्धवट जागा करतो, आणि माणूस आठ तास ‘झोपून’ थकलेला उठतो. यावर रात्रीची तपासणी आहे, नाकावर लावायचं हवेचं मशीन आहे, वजन उतरवणं आहे, कुशीवर झोपणं आहे. हे सगळं गोळीने दाबून डम्पर चालवणाऱ्या माणसापासून चाकण रस्त्यावर लांब राहावं.

तपासायला जाताना हात हलवत जाऊ नये. ईएसआयला जा नाहीतर खासगीत, तिथे तुमच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात आणि निम्मी ‘कधीपासून’ यात जातात. म्हणून एक महिना आधीपासून मशीनला लॉगशीट असते तशी स्वतःला लावावी : किती वाजता झोपलो, कुठली शिफ्ट, किती वाजता दुखलं, किती वेळ टिकलं, किती चहा, कुठली गोळी. पाकिटाचा तुकडा नव्हे, अख्ख्या पाकिटाचा फोटो न्यावा. ठेकेदाराचा माणूस असाल आणि कार्ड अजून ‘प्रोसेसमध्ये’ असेल, तर कार्डाचा नाद सोडून महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढावा.

आणि डॉक्टरांनी “घोरता का?” असं विचारलं तर स्वतः उत्तर देऊ नये. ऑपरेटरचा जबाब इथे ग्राह्य नाही. बायकोला, ती गावी असेल तर रूम पार्टनरला, सोबत न्यावं आणि त्यांच्याकडे बोट दाखवावं. लग्नाला बारा वर्षं झालेली बाई आधी पदर सावरते, खुर्ची पुढे ओढते आणि डॉक्टरांना विचारते, “आवाज करून दाखवू?”