आरसा काढला म्हणं!

ऐकलं का? ढोकीत स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्यानं आरसा काढून टाकला म्हणं. दाढीचा नव्हे हो, कॅमेऱ्यातला. तेही तुळशीचं लग्न लागून आठ दिवस झाले नाहीत तोवर, ऐन सराईच्या तोंडावर. चहाच्या टपरीवर ही बातमी अशा दबक्या आवाजात निघाली, की कुणाची तरी सोयरीक मोडली असावी. ऐकणाऱ्यानं कप खाली ठेवला.

"मिररलेस?"

"हळू बोल की. सासऱ्याला अजून ठावं नाही. पैसे त्याचेच हायेत."

आपल्याकडं फोटोवाल्याची अब्रू त्याच्या गळ्यात लटकते. कॅमेरा कसा पाहिजे, तर काळा, जाड, मान वाकवणारा. निकॉनचा डी-८५० बॅटरी आणि कार्ड घालून किलोभर भरतो. वरबाप मांडवाच्या दारातूनच त्याचं वजन करतो आणि मनातल्या मनात म्हणतो, चला, पैसे वसूल. त्याच निकॉनचा मिररलेस झेड-६ पाऊण किलोही भरत नाही. तो घेऊन गेलं तर हाच वरबाप विचारणार, "मोठा कॅमेरा गाडीतच राह्यला का?" (भारी लेन्सा मात्र पहिल्याइतक्याच जड आहेत, पण ते दुकानदार शेवटी सांगतो. बहुतेक वेळा सांगतच नाही.)

आता आरसा म्हणजे काय, तर जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या नावातला आर. रिफ्लेक्स. लेन्समधून आलेला उजेड तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, वर प्रिझममध्ये जातो आणि तिथून फोटोवाल्याच्या डोळ्यात. बटण दाबलं की आरसा टाणकन वर, शटर उघडलं-मिटलं, आरसा परत खाली. तोच तो खटॅक. सगळ्या धंद्याची प्रतिष्ठा त्या खटॅकवर उभी. निकॉननं १९५९ मध्ये एफ हा कॅमेरा काढला तेव्हापासून निदान साठ वर्षं हेच चाललं. आता म्हणे आरसाच नको, सेन्सर थेट बघतो आणि डोळ्याला लावायच्या भोकात इवलासा टीव्ही बसवलाय.

टीव्ही! म्हणजे नवरी समोर उभी असताना गडी तिच्याकडं न बघता तिचं प्रक्षेपण बघणार. काय दिवस आले.

आणि हे कुठं घडतंय, तर तेरच्या शेजारी. तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळची एक हस्तिदंती बाई आहे. तिकडं इटलीत पॉम्पेईच्या राखेत १९३८ मध्ये तशीच एक सापडली, आणि अभ्यासक या दोघींचं नातं लावतात. पॉम्पेईतली ती आरशाची मूठ असावी, असं आधी मानलं गेलं होतं. म्हणजे ज्या मुलखाला दोन हजार वर्षांपूर्वीपासून आरशाशी नाव जोडून घेता येतं, तिथंच आता आरसा जड झाला.

बरं, नुसता आरसा गेला असता तर गावानं पोटात घातलं असतं. पण त्यापायी रूळच बदलले. आपल्या पट्ट्यातली बार्शी लाइट आठवते ना? अडीच फुटी रूळ, १९११ मध्ये लातूरला पोचलेली, बैलगाडीशी शर्यत लावून हरणारी. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं, रूळ साडेपाच फुटी, आणि जुन्या इंजिन-डब्यांना त्यावर जागाच उरली नाही. कॅमेरा कंपन्यांनी तेच केलं. निकॉनच्या जुन्या माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याचं, तोंड ४४ मिलिमीटर, २०१८ मध्ये आलेल्या झेडचं ५५. कॅनननं त्याच वर्षी तोंड ५४ चंच ठेवलं, पण लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ४४ वरून २० मिलिमीटरवर आणलं. आरसा हलायला जागा लागायची, ती लागत नाही ना आता.

मग वीस वर्षांत जमवलेल्या लेन्सांचं काय? इथं रेल्वेपेक्षा कॅमेरावाले दयाळू निघाले. ते जे २४ मिलिमीटर कमी पडतात, तेवढ्या जाडीची एक बांगडी मिळते. अ‍ॅडाप्टर. ती घातली की कॅननचा जुना डबा नव्या रुळावर धावतो, तोही बिनतक्रार. निकॉनवाल्यांच्या घरी मात्र रडारड आहे. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी लेन्सा निकॉनची बांगडी भरूनही आपोआप फोकस करत नाहीत. हातानं फिरवत बसा. पन्नासची स्वस्तातली डी लेन्स कुणाकुणाच्या बॅगेत आहे, हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

पण खरी खमंग गोष्ट पुढं आहे. एसएलआरवाला फोटो काढतो त्या नेमक्या क्षणी आंधळा असतो! आरसा वर गेला की त्याच्या डोळ्यापुढं काळोख. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि तो क्षण मांडवातल्या चारशे माणसांनी बघितला. एकट्या फोटोवाल्यानं नाही. एवढी वर्षं अशा माणसाला आपण ॲडव्हान्स देत आलो. मिररलेसमध्ये काळोख जवळपास नाही, वर तो नवरीचा डोळा शोधून त्यावरच फोकस धरून ठेवतो, घुंगट, मुंडावळ्या, मध्ये घुसलेली मावशी काहीही असो. टपरीवर या मुद्द्याला उत्तर नव्हतं, म्हणून सगळे एकदम बॅटरीवर घसरले.

बॅटरीत दम आहे. म्हणजे मुद्द्यात, बॅटरीत नाही. डी-८५० एका चार्जवर १८४० फोटो, झेड-६ फक्त ३१०, हे कंपनीच्याच ठरीव चाचणीतले आकडे. प्रत्यक्ष कामात जास्त निघतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत चार बॅटऱ्या खिशात हव्याच. लाइट गेली तर चार्जर डीजेच्या जनरेटरला. डीजेवाला आता फोटोवाल्याकडं ज्या नजरेनं बघतो, ती वर्णन करण्यासारखी नाही.

त्यात एकानं मुका मोड लावला. भटजींना त्रास नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर, आवाज शून्य. घरी येऊन बघतो तर नवरा-नवरीच्या तोंडावर आडवे पट्टे. मांडवातले एलईडी डोळ्याला न कळेल असे लुकलुकतात; सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो, मग काही ओळी उजळ, काही काळ्या. नवरीकडच्यांना सांगितलं, "इफेक्ट टाकलाय." खपलंही म्हणं.

एवढं होऊन जगाचा निकाल केव्हाच लागलाय. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबात २०२० मध्येच मिररलेसची खेप एसएलआरपेक्षा जास्त झाली. सोनीनं दुसऱ्या वर्षी आपले आरसेवाले कॅमेरे बंद केले. पेन्टॅक्स तेवढी अजून आरसा धरून बसलीय, घरातल्या थोरल्या आत्यासारखी. ढोकीतही कोण उरलंय? जो तो दुसऱ्याला नावं ठेवतो आणि रात्री मोबाइलवर एक्स्चेंजचा भाव बघतो.

त्या स्टुडिओवाल्याचं पुढं काय झालं म्हणता? पहिल्याच लग्नात नवरदेवाची आजी खुर्चीत ताठ बसली, पदर सावरला, श्वास रोखला. यानं मुका मोड लावून सात-आठ फोटो काढले, मान हलवली. आजी तशीच. चेहरा लाल व्हायला लागला.

"आजी, झाला फोटो."

"कामून खोटं बोलतो रं? वाजला कुठं?"

गड्यानं तिथंच मेनू उघडला. बिनआवाजी शटरला खोटा आवाज लावायची सोय त्याच्या कॅमेऱ्यात आहे, ती शोधली, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि आणखी एक काढला. खटॅक.

आजीनं श्वास सोडला.