फाट्याच्या काकू

फाट्याच्या काकूंना हे नाव का पडलं, याबद्दल आमच्या आळीत दोन मतं आहेत. एक मत असं की त्यांचं घर चौक फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुसरं मत त्यांच्या दारात गेलेल्या प्रत्येक बाईचं. ‘‘ये गं, बस’’ म्हणायच्या आधी काकू तिच्या वेणीचा शेंडा चिमटीत धरतात, उजेडाकडे करून डोळे बारीक करतात आणि निदान सांगतात, ‘‘फाटे फुटलेत.’’ काकूंच्या बोलण्यालाही फाटे फुटतात, पण ते मोजायचे तर अख्खी दुपार हाताशी लागते.

चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचं गाव. नेताजींना लोक प्रतिशिवाजी म्हणत. काकूंना मी मनातल्या मनात प्रतिपार्लर म्हणते. पासष्टी उलटली तरी त्यांचा अंबाडा काजळीसारखा काळा. कुणी उलट बोललं की अंबाड्यावर हात ठेवून म्हणतात, ‘‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत!’’ समोरची बाई गोंधळते, कारण पांढरा केस औषधालाही सापडत नाही. त्यांच्या मोरीच्या खिडकीत केस काळे पडलेला एक जुना दात घासायचा ब्रश असतो. ‘‘त्यानं मी कढईचे कान घासते,’’ असं काकूंनी मला, मी विचारलेलं नसताना, दोनदा सांगितलंय.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती भाच्याच्या लग्नानंतर. मुलगी म्हणाली, ‘‘आई, फक्त खाली थोडं सोनेरी कर, कुण्णाला कळणार नाही.’’ कुण्णाला कळणार नसेल तर करायचं कशाला, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. पनवेलच्या एका पार्लरमध्ये चार तास डोक्याला चांदीचे कागद लावून बसले आणि खालचे वीतभर केस सोनेरी करून आले. लग्नाच्या फोटोत बरे दिसले. मग मृगाचा पाऊस आला, इर्शाळ ढगात गेला, आणि हवेतला ओलावा माझ्या केसांत मुक्कामाला आला. दहा दिवसांत केसांचं नारळाचं सोडण झालं. मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवीच्या वर्गात फळ्याकडे वळले की मागून ‘मक्याचं कणीस’ एवढे दोन शब्द ऐकू यायचे.

काकूंनी शेंडा धरला. पहिला प्रश्न, ‘‘किती दिले?’’

‘‘साडेतीन हजार.’’

‘‘तेवढ्यात करडू आलं असतं गं. त्याचे केस याहून मऊ असतात.’’

मी माझी बाजू शास्त्रानं सावरायचा प्रयत्न केला. म्हटलं, केसाच्या बाहेर बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक रचलेले. केस रंगवताना अमोनिया ती कौलं उचलून धरतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मूळचा काळा रंग उडवतं आणि जाताना थोडी लूटही करून जातं. कौलं मग नीट बसत नाहीत. म्हणून केस खरखरीत लागतात, एकमेकांत अडकतात आणि टोकाला चिरतात.

‘‘म्हणजे घर शाकारायचं राहिलंय आणि पाऊस लागलाय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एवढंच ना?’’

‘‘तसं नाही काकू. डोक्याच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो. तो स्वतःला दुरुस्त करत नाही.’’

‘‘अगं, मेलेल्याचंही आपण दहावं-तेरावं करतोच की! बस खाली.’’

आणि मी बसले. काकू पाटावर, मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर, डोकं त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. त्या जागेवरून बाईला उठता येत नाही आणि खोटंही बोलता येत नाही. काकू पैसे घेत नाहीत, ‘‘हाताचा गुण जातो.’’ फी वेगळी असते. एकेक बट मोकळी होत जाते तशी घरातली एकेक गोष्ट बाहेर पडते. नणंदेचं काय झालं, सातबाऱ्यावर नाव चढलं का, जावयाची नोकरी टिकली का. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतली निम्मी लग्नं काकूंच्या त्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जमलीत, असं खुद्द काकूंचं म्हणणं आहे.

पहिल्या शनिवारी अंडं. दोन अंडी फेटून केसांना थापली आणि वर एक प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी चढवली. पिशवी साडीच्या दुकानाची. ‘आमच्याकडे लग्नाचे बस्ते बांधून मिळतील’ ही ओळ बरोबर माझ्या कपाळावर आली, आणि नेमका तेव्हाच गॅसवाला आला. त्यानं ती ओळ पूर्ण वाचली. पुढचं घरी जाऊन धुवायचं होतं. मी मोरीत वाकून केस पुढे सोडले आणि बंबातलं पाणी विसण न घालता ओतलं. अंडं केसांत शिजलं. केसांतून भुर्जी कशी काढायची हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी ती संध्याकाळी सातपर्यंत फणीनं काढत होते. यजमान दारात उभे राहून म्हणाले, ‘‘कांदा देऊ का?’’

खरं तर अंड्यातली प्रथिनं केसाच्या आत शिरण्याइतकी लहान नसतातच. वर चिकटतात, थोडी चमक देतात, वास देतात. मी हे काकूंना सांगणार होते, पण तोवर श्रावण लागला आणि अंडं आपोआप बाद झालं. त्याच्या जागी केळं आलं. केळ्याबद्दल एवढंच सांगते की ते हातानं कुस्करलं तर त्याच्या गाठी राहतात आणि सोमवारच्या परिपाठात मुख्याध्यापक आपल्या कानामागे का बघताहेत हे आपल्याला कळत नाही.

पण माणूस सगळाच चुकत नसतो. इंटरनेटवर वाचून माझ्या मुलीनं खायच्या सोड्यानं केस धुवायचा बेत काढला, तेव्हा काकू किंचाळल्या, ‘‘सोड्यानं हरभरे शिजतात गं बाई!’’ आणि शेवटचं पाणी ताकाच्या निवळीचं घ्यायला लावलं. का, ते त्यांना सांगता येत नाही. ‘‘ताकानं केस गप्प बसतात’’ एवढंच. मला सांगता येतं. सोडा अल्कली, तो कौलं आणखी उचलतो. ताक आंबट, आम्लात कौलं मिटतात. मी वर्गात लिटमसचा कागद घेऊन जे तासभर शिकवते, ते काकूंनी एका हरभऱ्यात संपवलं.

मेंदीबद्दलही त्या कडक. मी म्हटलं, सोनेरी झाकायला बाजारातली काळी मेंदी लावू का? काकूंचा हात थांबला. ‘‘मेंदी कधी काळी असते का गं? मेंदी लाल. काळी असते ती पुडीतली भुकटी. कानामागे ठिपका लावून दोन दिवस वाट बघायची, खाज सुटली तर पुडी उकिरड्यावर. हातात मोजे. कपाळाला आधी तेल, नाहीतर डाग आठवडाभर जात नाही. आणि गळ्याभोवती जुना पंचा, पांढरा नको.’’ गोष्ट खरी आहे. त्या पुड्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना ते फार वाईट बाधतं. पण एवढी बारीक माहिती?

‘‘काकू, तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?’’

‘‘कढईचे कान घासताना कळतं,’’ काकू म्हणाल्या आणि जावयाच्या नोकरीकडे वळल्या.

शनिवार-रविवारी काकूंकडे वेगळं गिऱ्हाईक असतं. फार्महाउसवर येणाऱ्या शहरातल्या मुली. कर्जतच्या रस्त्याला प्रत्येक वळणावर कुणाचा तरी पोहण्याचा तलाव आहे, आणि तलावाचं क्लोरीन रंगवलेल्या केसांना अजिबात मानवत नाही. फार्महाउसवर काम करणाऱ्या बायका मग त्या मुलींना काकूंकडे धाडतात. काकूंचा यावर एक ठरलेला विनोद आहे. मोरबे धरण इथलं, पाणी जातं नवी मुंबईला. ‘‘आमच्या पाण्यात केस बिघडवायचे आणि दुरुस्तीला परत आमच्याकडेच यायचं!’’

अशीच एक मुलगी आली, केस चक्क निळे. काकूंनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. ‘‘नीळ जास्त झाली का गं?’’

मुलीला नीळ माहीत नव्हती. तिनं पर्समधून जांभळ्या शाम्पूची बाटली काढली आणि समजावलं की, आजी, सोनेरी केस पिवळट पडतात, जांभळा लावला की पिवळेपणा मरतो. काकूंना एका क्षणात उमगलं. धोतर पिवळं पडलं की आपण तेच करतो, पन्नास वर्षं करतोय. ‘‘मग एवढी महागाची बाटली कशाला?’’ म्हणत त्या न्हाणीघराच्या फळीवरून निळीची बाटली आणायला उठल्या. परत आल्या तेव्हा मुलीची गाडी फाट्याच्या पलीकडे गेली होती.

काकूंची खरी विद्या दिसते ती तेलात. पावसाची झड थोडी ओसरली की त्या परसातून जास्वंदीची फुलं, शेताच्या बांधावरून माका आणि दारच्या झाडाचा कढीपत्ता काढतात. सगळं पुसून पंच्यावर पसरतात, ‘‘पाण्याचा थेंब राहिला तर तेल अंगावर येतं.’’ लोखंडी कढईत खोबरेल, खाली मंद आच, चमचाभर मेथी. मग पाला पडतो आणि कढई चुरचुरायला लागते. एरवी अखंड चालणारं काकूंचं तोंड त्या वेळी बंद. डोळेही मिटलेले. त्या कढई बघत नाहीत, ऐकतात. चुरचूर मोठी, मग बारीक, मग एखाददुसरी. आणि पूर्ण थांबली की लगेच गॅस बंद. पाल्यातलं पाणी उडालं, तेल झालं. आणखी अर्धं मिनिट गेलं तर पाला करपतो. थंड झालं की मलमलच्या फडक्यातून गाळायचं, फडकं पिळायचं आणि तेलकट हात आधी स्वतःच्या कोपरांना पुसायचे.

त्या खोबरेलासाठी मी एकदा त्यांच्या बाजूनं पुरावा नेला होता. 2003 साली रेले आणि मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर लावून ताडून पाहिलं. केसांतून प्रथिनं झिजून जातात ती कमी करण्यात एकटं खोबरेल उपयोगी पडलं, न्हायच्या आधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून केसाच्या आत शिरतो. आता हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलं, म्हणजे सोनारानं आपलंच सोनं कसाला लावल्यासारखं. पण निष्कर्ष टिकून आहे. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘2003? तोवर काय करत होते मग हे लोक?’’

मेथी-माक्यानं त्यात काय भर पडते, ते मी विचारलं नाही. वास छान येतो.

असे अकरा महिने गेले. दर महिन्याला एक शनिवार, तेल, ताक, नणंद, सातबारा. उठायच्या आधी काकू उशीखालून कात्री काढायच्या आणि म्हणायच्या, ‘‘थांब, दोन धागे खालीवर झालेत, सारखे करते.’’ मागे काय चाललंय ते मला दिसायचं नाही. कच् असा एकच आवाज यायचा. त्या शनिवारचा सोमवार करून घ्यायला त्या एकदाही तयार झाल्या नाहीत. सोमवारी कात्री लावायची नाही म्हणे. ‘‘पण तुम्ही तर दोनच धागे कापता ना?’’ मी एकदा विचारलं. ‘‘धागा तो धागाच,’’ काकू म्हणाल्या.

आणि केस खरंच सुधारले! मऊ, काळे, वळणदार. वैशाखात दुसऱ्या भाच्याचं लग्न निघालं, तिथे नणंदेनं वेणी हातात घेऊन विचारलं, ‘‘कुठली ट्रीटमेंट गं?’’ मी अभिमानानं सांगितलं, ‘‘आमच्या चौकच्या काकू.’’ सांगता सांगता वेणी पुढे घेतली आणि माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. सोनेरी रंग कुठे गेला? केसांना लावलेला उजळ रंग काही धुऊन परत काळा होत नाही.

सातवीच्या मुलांना घालते तसलंच गणित मांडलं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. अकरा महिन्यांत चौदा सेंटिमीटरच्या आसपास, तोही वरून. काकूंचे ‘दोन धागे’ म्हणजे पेरभर, दोन सेंटिमीटर. अकरा वेळा कच्. बावीस सेंटिमीटर. बावीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत.

पुढच्या शनिवारी मी तडक गेले, पाटासमोर न बसता उभी राहिले. ‘‘काकू, तुम्ही केस दुरुस्त केलेच नाहीत. सगळे कापून टाकलेत!’’

काकू दारच्या कढीपत्त्याची पानं ओरबाडत होत्या. नवं तेल काढायचं होतं. ‘‘पहिल्याच दिवशी वीतभर कापते म्हटलं असतं तर बसली असतीस?’’

मी गप्प झाले. खाली बघितलं तर कढीपत्त्याच्या बुंध्याशी, मातीत अर्धवट पुरलेलं, वर्षभराचं सोनेरी पुंजकं चमकत होतं. त्यावर कोवळ्या पानांचा नुसता फुलोरा उठला होता.

‘‘केसांचं खत मानवतं त्याला,’’ ओंजळभर पानं माझ्या नाकाखाली धरत काकू म्हणाल्या. ‘‘वास घे. हे तुझ्याच तेलासाठी.’’