बर्गी पायी आले

हावड्याला उतरलेल्या नागपूरकराला कुणी 'कुठले?' म्हणून विचारलं, तर त्याने खुशाल 'मुंबई' सांगावं. हा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. गीतांजली एक्स्प्रेसमध्ये, रायपूर आणि बिलासपूरच्या दरम्यान, मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडं असताना तो माझा मलाच सुचला.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात. भोसल्यांचा वाडा तिथून हाकेच्या अंतरावर. 'रघुजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या' हे शाळेत दोन मार्कांचं उत्तर होतं आणि दोन्ही मार्क मिळाल्यावर मी ते विसरूनही गेलो होतो. बंगाली लोक विसरले नाहीत. 1742 पासून नऊ-दहा वर्षं आमचे घोडेस्वार तिकडे जात राहिले, गावं लुटत राहिले आणि 1751 च्या तहात ओडिशा अन् वर्षाची बारा लाखांची चौथाई पदरात पडली तेव्हा कुठे थांबले. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला आपण बारगीर म्हणतो. त्याचा तिकडे 'बर्गी' झाला. मूल झोपेना की आपल्याकडे बागुलबुवा येतो, बंगालच्या अंगाईत बर्गी येतो. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्रपुराण' नावाचं काव्य रचलं. नाव वाचून छाती फुगते. आत काय आहे ते कळलं की हळूच पूर्ववत होते.

थोडक्यात, बागुलबुवाच्या घरचा माणूस सुटीसाठी त्या मुलाच्याच घरी निघाला होता.

सहल पायी करायची हे मात्र सौभाग्यवतींनी ठरवलं. डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितलं होतं आणि मी रोज तासभर घराबाहेर असायचोही. पण तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईपासून असा हिशेब लपत नाही. "तुम्ही चौकापर्यंत जाता आणि बाकीचा वेळ गप्पा मारत उभे राहता. अनोळखी गावात ओळखीचं कोणी भेटत नाही. तिथे चालावंच लागते," असं म्हणून तिने तिकिटं काढली. पाच दिवस. टॅक्सी नाही, रिक्षा नाही.

हावड्याला उतरल्याउतरल्या मी एक पळवाट काढून पाहिली. 2024 पासून तिथे मेट्रो हुगळी नदीच्या पोटाखालून जाते. देशातली पहिली मेट्रो 1984 मध्ये याच शहरात धावली, तेव्हा इथल्या मेट्रोत बसणं हे इतिहासाला वंदन करण्यासारखंच आहे, असं मी म्हणालो.

"नदीखालून चालता येते का?"

"नाही."

"मग पुलावरून चला."

हावडा पूल 1943 चा. 26,500 टन पोलाद, आणि एवढ्या सांगाड्यात एकही नटबोल्ट नाही, सगळं रिव्हेटवर. ही माहिती मी वाटेत भक्तिभावाने दिली. "नटबोल्ट असते तर आतापर्यंत कोणी काढून नेले असते," एवढंच उत्तर मिळालं. पुलाच्या मधोमध थांबून नदी पाहावी, असं पुस्तकात लिहिलं होतं. लिहिणारा बहुतेक पहाटे तीनला गेला असावा. सकाळी नऊला त्या पादचारी वाटेवर माणूस चालत नाही, चालवला जातो. मागून डोक्यावर टोपल्या घेतलेले हमाल येतात, त्यांच्या आरोळीला ब्रेक नसतो. आम्ही पूल ओलांडला म्हणण्यापेक्षा पुलाने आम्हाला पलीकडे काढून दिलं म्हणावं.

काढून दिलं ते थेट मलिक घाटाच्या फुलबाजारात. तिथे झेंडू माळेने विकत नाहीत, जुडग्याने विकतात. सौभाग्यवतींना हवी होती एक माळ. भाव विचारला, घासाघीस केली, भाव पडला, आणि घासाघीस जिंकल्यावर माल न घेणं तिच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे पुढचे दोन तास मी वीस माळा खांद्यावर टाकून लाल इमारतींच्या डलहौसी भागातून फिरलो. त्याचं हल्लीचं नाव बिनय-बादल-दिनेश बाग, पण वाट विचारताना 'डलहौसी'च म्हणावं लागतं. रायटर्स बिल्डिंगसमोर एका पोलिसाने मला नमस्कार केला. मीही केला. पुढे एका देवळात माळा उतरवल्या तेव्हा पुजाऱ्याने आम्हाला नवसाचे समजून प्रसाद जरा जास्तच दिला.

कोलकात्यात वाट विचारणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. पहिला माणूस 'शोजा' म्हणतो, म्हणजे सरळ. तेवढ्यात दुसरा येऊन सांगतो की सरळ नाही, डावीकडे. मग पत्ता बाजूला राहतो आणि त्या दोघांत सरळ म्हणजे काय यावर चर्चा सुरू होते. चहा येतो. 'दादा' आणि 'बौदी' म्हणून आम्हालाही मतं विचारली जातात. चहा मातीच्या पेल्यात; त्याला 'भाँड' म्हणतात. ("म्हणजे आपलं भांडंच की," सौ.) अनोळखी गावात ओळखीचं कोणी भेटत नाही हे तिचं गृहीतक दुसऱ्या दिवशी दुपारीच कोसळलं. मी महालातल्याइतकाच वेळ चौकाचौकात उभा होतो, फक्त बंगालीत.

जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात मात्र माझी मान थोडी ताठ झाली. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना, 1878 मध्ये, विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी सुधारायला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. शिकवणारी होती डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा. इंग्रजी किती सुधारलं ते असो, त्यांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं आणि त्या नावासाठी गाणंही केलं. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे आयसीएसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. नोकरी सारी मुंबई इलाख्यात, साताऱ्याला न्यायाधीश, आणि तुकारामाच्या अभंगांचे बंगाली अनुवादक. मी हे सगळं सांगेपर्यंत सौभाग्यवती व्हरांड्यात टेकल्या होत्या.

"म्हणजे तुमचे लोक इथे लुटायला आले अन् यांचे लोक तिकडे न्याय द्यायला गेले," ती म्हणाली. "मग काय करून राहिले तुम्ही तीन दिवसांपासून तोंड लपवून? हिशेब चुकता झाला न."

झाला नव्हता. कारण मला खंदक पाहायचा होता.

1742 मध्ये बर्गी येणार म्हणून कोलकात्याची गाळण उडाली. इंग्रजांचं ठाणं, सावकारांच्या पेढ्या, आणि भोवती तटबंदी नाही. तेव्हा शहरातल्या देशी रहिवाशांनीच पुढाकार घेऊन शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीन मैल झाला. नागपूरकर आले नाहीत. काम थांबलं. पुढे 1756 मध्ये सिराजउद्दौला आला, त्याला या खंदकाने अडवलं नाही. ज्यांच्यासाठी खणला ते फिरकले नाहीत आणि जो आला त्याच्या कामी तो आला नाही. सार्वजनिक कामांचा नमुना म्हणून याहून सुबक उदाहरण मला माहीत नाही. फायदा एकच झाला. कोलकात्यातल्या साहेब लोकांना 'डिचर' असं टोपणनाव मिळालं. 1799 मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला.

(आदल्या दिवशी व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिलं होतं. मकराण्याचा संगमरवर, 1921 साली बांधून पूर्ण. राणीसाहेब स्वतः हिंदुस्थानात एकदाही आल्या नाहीत. न आलेल्या पाहुण्यांसाठी इतका खर्च करणारं दुसरं शहर नसेल.)

चौथ्या दिवशी आम्ही कुमारटुलीतून निघालो. जानेवारी होता, सरस्वती घडत होत्या. गल्लीभर गवताच्या पेंढ्यांच्या देव्या, त्यांच्यावर ओली माती, डोकी अजून बसायची होती. तीस वर्षं शाळेत वसंत पंचमीला हार घालणारी सौभाग्यवती तिथे बराच वेळ गप्प उभी राहिली. पाच दिवसांतला तेवढाच एक मुक्काम तिच्या खात्यावर आहे. मग बागबाजार. नवीनचंद्र दासांनी 1868 मध्ये रसगुल्ला रूढ केला तो इथलाच, आणि हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा, नोलेन गुडाचा, संदेशही मिळतो. तो खाल्ल्यावर मी संत्राबर्फीविषयी मनात काही बोललो, ते नागपुरात छापता येणार नाही.

आणि मग एका भिंतीवर ती पाटी दिसली: 'मराठा डिच लेन'. गल्ली साधीच. वाळत घातलेलं धोतर, एक स्कूटर, ओट्यावर पेपर वाचणारा म्हातारा. जगात आपली भीती वाटून कुणीतरी काही खणलं होतं आणि त्याचा पत्ता अजून पोस्टमनच्या पिशवीत फिरतो, हे वाचून अभिमान वाटावा की ओशाळावं, ते मला तिथे उभ्या उभ्या ठरवता आलं नाही. फोटो काढला. फोटोत मी डोळे मिटलेला आलो.

आता बुजलेल्या खंदकावरून चालत जायचं, असा माझा हट्ट. श्यामबाजारपासून त्या रस्त्याला हल्ली आचार्य प्रफुल्लचंद्रांचं नाव आहे. मी पुढे, सौ. मागे. मी हातवारे करत सांगत होतो की इथे, बरोब्बर इथे, खोल खड्डा होता आणि एकही मराठा त्यात कधी—

कुणीतरी, कशासाठी तरी, फूटपाथ खणून ठेवला होता. वर फळी होती. फळी सरकली.

खोली गुडघ्यापर्यंतच, पण 1742 पासूनची प्रतीक्षा संपली. अर्ध्या मिनिटात दहा-बारा माणसं जमली. मला वर काढून एका दुकानाच्या बाकावर बसवलं. जानेवारीतली ती सौम्य हवा, तरी निम्म्या जणांच्या डोक्यावर माकडटोपी. एकाने खिशातून बोरोलीन काढलं. ते तिथे खिशात असतं. दुसरा म्हणाला, आर्निका द्या. त्याबद्दल दुमत नव्हतं, पण तीसची द्यावी की दोनशेची यावरून दोन तट पडले आणि माझा गुडघा काही काळ विस्मरणात गेला. एका आजीबाईंनी कडेवरच्या नातवासकट पुढे येऊन विचारलं, "कोथा थेके?" कुठून आलात?

"मुंब—"

"नागपूर," सौभाग्यवती म्हणाली.

आर्निकाची चर्चा थांबली. माकडटोपीतल्या एका निवृत्त मास्तरांनी (निवृत्त मास्तर मास्तरांना ओळखतात, सौ.ने नंतर सांगितलं) माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. एक बूट पायात, एक खड्ड्यात, गुडघ्यावर पांढरं मलम.

"बर्गी!" ते ओरडले, आणि हसताहसता खोकल्याची उबळ येऊन त्यांनाच कुणीतरी पाणी दिलं. बातमी शेजारच्या दुकानात गेली, तिथून वरच्या गॅलरीत. माणसं बघायला आली. संदेशाची पुडी आली, चहाचे भाँड आले. कुणीतरी बूट काढून आणला. आजीबाईंनी नातवाला माझ्यासमोर धरलं आणि बोट दाखवून सांगितलं की बघ, हाच तो.

मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रडलं नाही. हातात तीन बाजूंनी चावलेलं बिस्कीट होतं, ते त्याने पुढे केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

सौभाग्यवतींनी वाकून त्याचा अंदाज घेतला.

"घ्या न," ती म्हणाली. "बरोब्बर चौथाई आहे."